दोन उस्तादांचे दोन डबे

हुसेनमामा, तुम्ही जाऊन चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याला दौंडच्या घरी स्वयंपाकाची घाई चाललेली असताना राहू गावाहून आलेल्या एका बाईने फळीवरचा काळा तवा भाकऱ्यांसाठी उचलला, तर मामी केवढ्याने ओरडली. "त्यो नगं! त्यो ह्यांच्या परयोगाचा हाय!" सगळ्या बाया थांबल्या. त्या तव्याची गोष्ट त्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हती. मामीने ती सांगितली आणि सांगता सांगता हसली. तुम्ही गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मीही हसले, आणि मग मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

सख्खे मामा तुम्ही नव्हतातच. माझी आई राहूची आणि तुमचं घरही राहूचं. आईच्या गावचा प्रत्येक पुरुष आपला मामा, मग तो मारुतीला तेल घालणारा असो की मशिदीत जाणारा, हा नियम आमच्या केंदूरच्या घरात कुणी कधी तपासून पाहिला नाही. तुम्ही जन्मभर दौंडच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होतात, रिटायर झालात तरी दौंडलाच राहिलात, आणि दर साली कांदा काढणीच्या दिवसांत आईला भेटायला केंदूरला यायचात. हातात बेकरीतली नानकटाई असायची. आल्या आल्या आईला "आक्का, बरी हाईस न्हवं?" आणि मला "वैजे, आज कुणाशी भांडलीस?" हे दोन प्रश्न ठरलेले.

एका साली आईने तुमच्यापासून हात पदराखाली लपवला होता. दादाने कांद्याची प्रतवारी करायचं यंत्र आणलं होतं. साखळीवरून कांदा पुढे जायचा, लहान-मोठा वेगळा व्हायचा. साखळीला तेल दिलं की त्या तेलावर कांद्याची टरफलं आणि धूळ बसायची, आणि तासाभरात साखळी अडायची. मग बाया यंत्र बंद करून बोटांनी घाण काढायच्या. एकदा बंद यंत्रातही ताणलेली साखळी सुटली आणि आईच्या बोटाचं नख गेलं. बोट ताठ राहिलं ते राहिलंच. तुम्ही ते बोट हातात धरून बघितलं. मग उठून यंत्राकडे गेलात, साखळीवरून अंगठा फिरवून म्हणालात, "ह्या साखळीला तेल पाजतंय कोण? तेल म्हंजी धुरळ्याला आवतान."

तेलावाचून साखळी चालवायची, एवढंच तुम्हाला करायचं होतं. कोरडं वंगण. हा शब्द मी नंतर कागदावर लिहिला. तुम्ही नुसतं "सुकं कायतरी" म्हणायचात. पहिल्या साली तुम्ही शिसपेन्सिलीत असते तसली काळी पूड, ग्रॅफाइट, साखळीला चोळलीत. साखळी मस्त पळाली आणि दादाचा सगळा कांदा काळा झाला. व्यापाऱ्याने विचारलं की हा कांदा कोळशाच्या खाणीतून काढलाय का. दुसऱ्या साली मेण आणि शंखजिऱ्याची पांढरी भुकटी. कांदा स्वच्छ राहिला, पण एप्रिलच्या उन्हात मेण पाघळलं आणि टरफलं तेलापेक्षा जास्त चिकटली. दोन्ही एकत्र करून पाहिलंत तर चिखल झाला. दादा वैतागला होता. "मामा, तुमी नानकटाई घेऊन येत जावा, यंत्राचं आमी बघतो," असं तो म्हणाला तेव्हा तुम्ही हसलात, पण मला दिसलं की ते तुम्हाला लागलं होतं.

आणि मग तवा. शंखजिऱ्याची पिशवी ओल लागून भिजली होती, म्हणून तुम्ही ती भुकटी मामीच्या भाकरीच्या तव्यावर सुकवायला टाकलीत. हात पुसायचा कंटाळा, त्याच पळीने ग्रॅफाइट काढलंत आणि तेही तव्यात सांडलं. टाकून द्यायचं तुमच्या जिवावर आलं, म्हणून दोन्ही तसंच भाजत बसलात. त्या भाजलेल्या भुकटीत मेण घातल्यावर चिखल झालाच नाही. मेण भुकटीच्या कणाकणाला धरून बसलं, साखळीवर सुकी, घट्ट साय धरली. उन्हात ठेवून पाहिलीत, पांढऱ्या रुमालाने पुसून पाहिलीत. रुमालाला डाग नाही. मामी बाहेरून आली आणि तिला फक्त तवा दिसला. तुमच्या शोधाचं पहिलं स्वागत लाटण्याने झालं असं ती चाळिसाव्याला सांगत होती. खरं-खोटं तुम्ही दोघांनी ठरवायचं.

त्यानंतर केंदूरला साखळीत बोट घालायची वेळ कुणावर आली नाही. बाया तिला "मामाची भाजणी" म्हणू लागल्या. राहूला दोघांच्या यंत्रांवर गेली, मग पलीकडच्या गावातल्या फूलवाल्यांनी त्यांच्या यंत्रांसाठी मागितली. तुम्ही डबे भरभरून वाटत होतात.

इथे मी मध्ये पडले. शिरूरला खतांच्या दुकानाच्या वर माझी एका खोलीची कचेरी, बाहेर पाटी: पेटंट एजंट. तालुक्यात या कामाची मी एकटीच, म्हणून दिवसातून दोन माणसं पॅनकार्ड काढायला येतात आणि एखादं पासपोर्टला. तुम्ही येऊन बसला असलात की त्यांना तुम्हीच परतवायचात, "पॅनकार्ड म्हागल्या गल्लीत, हितं डोस्क्याचं कार्ड काढत्यात." मी तुमच्यामागे लागले की भाजणीचं पेटंट घेऊ. तुम्ही नको नको म्हणालात. मी घाबरवलं, की उद्या कुणी कंपनी ते आपल्या नावावर करील आणि तुम्हालाच तव्यावर भाजायला बंदी घालील. तरी तुम्ही डगमगला नाहीत. डगमगलात ते अर्जातल्या एका रकान्याने. "शोधकाचं नाव" असं मी वाचलं आणि पुढे तुमचं नाव टाइप केलं. तुम्ही चष्मा पुसला. "परत वाच," म्हणालात. मी परत वाचलं.

"रेल्वेत ह्या नावाम्होरं खलाशी लिवलं, हेल्पर लिवलं, फिटर लिवलं," तुम्ही म्हणालात. "ह्ये कुणी न्हवतं लिवलं."

मामा, त्या दिवसापासून ते पेटंट माझ्यासाठी एक केस राहिलं नाही. तो रकाना कायम झाला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. माझ्यासारखीच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की काय होतं ते तुम्ही पाहिलंतच.

पेटंट कचेरीकडून तपासणीचा अहवाल आला आणि माझं धाबं दणाणलं. त्यात परदेशातले दोन जुने शोध पुढे ठेवले होते. एकात साखळीला ग्रॅफाइट लावायचं होतं, दुसऱ्यात सरकत्या खिडक्यांना मेण आणि शंखजिरं. म्हणणं असं की हे दोन्ही आधीच माहीत होते. त्या कामातल्या जाणकार माणसाला ते एकत्र करायचं सहज सुचलं असतं. आणि जे सहज सुचतं त्याला शोध म्हणत नाहीत. मी तुम्हाला हे समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "ह्यो जाणकार मानूस कुठल्या शेडातला?" मी म्हटलं, कुठलाच नाही, तो कायद्याने कल्पलेला माणूस आहे. त्याने जगातलं सगळं वाचलेलं असतं, सगळी कामं त्याला येतात, फक्त स्वतःचं असं त्याला काही सुचत नाही.

"आसला एक फोरमन व्हता आमाला," तुम्ही म्हणालात.

पण मग गंभीर झालात. म्हणालात, त्या अहवालाचं खरं आहे. सोपंच होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, एवढंच झालं आपलं. मी चिडले. म्हटलं, मामा, उत्तर सापडल्यावर सगळंच सोपं वाटतं. तीन सालं दादाचा कांदा नासवलात तेव्हा का नाही सोपं वाटलं? तुम्ही म्हणालात, "सोपं हाय म्हून तर चांगलं हाय, पोरी." या एका वाक्यावर आपण पावसाळाभर भांडलो. मला ते तेव्हा पटलं नाही आणि खरं सांगू, अजूनही पुरतं पटलेलं नाही.

सुनावणी लॅपटॉपवर होती. तुम्ही न्हावऱ्याला गाडी बदलून सकाळीच शिरूरला आलात, इस्त्रीचा सदरा घालून. तुम्हाला मी दहादा बजावलं होतं की तुम्ही फक्त बसायचं, बोलायचं मी. पडद्यावर अधिकारी मॅडम आल्या. शांत बाई होत्या. मी मिश्रणाची प्रमाणं सांगितली, भाजण्याने काय बदलतं ते सांगितलं, उन्हातल्या चाचण्या दाखवल्या. त्यांचा एकच प्रश्न पुनःपुन्हा येत होता: दोन्ही गोष्टी माहीत असताना जाणकार माणूस त्या एकत्र का करणार नाही? माझी उत्तरं चांगली होती, पण त्या प्रश्नाला नेमकी भिडत नव्हती, हे मला बोलतानाच कळत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "शोधक आलेत ना? त्यांना काही सांगायचं आहे का?"

मी टेबलाखाली तुमचा पाय दाबला. तुम्ही पाय काढून घेतलात, उभे राहिलात, आणि उजव्या हाताने कानाची पाळी धरलीत. शेडमधली तुमची जुनी रीत मला माहीत होती. ज्याच्याकडून हात शिकलो त्याचं नाव काढायचं तर कान धरून काढायचं.

"मॅडम, ह्यात माजं लई थोडं हाय," तुम्ही म्हणालात. "काळ्या पुडीचं लाझरस उस्तादानं शिकिवलं. मेणाचं गणपतनाना सुतारानं. शेडात दोघांची टेबलं शेजारी-शेजारी व्हती. बावीस वरसं म्या त्यांच्या मदी काम केलं. म्या निस्तं पुडीचं आन् मेणाचं दोन डबं एक केलं."

मॅडमनी ते लिहून घेतलं. त्यांचं पेन चालताना मला दिसलं. ज्या एका गोष्टीविरुद्ध मी तासभर लढत होते, ती तुम्ही कान धरून कबूल केली होती. लेखी म्हणणं द्यायला पंधरा दिवस मिळाले आणि पडदा काळा झाला.

त्यानंतर मी तुम्हाला जे बोलले ते मला इथे लिहायला लाज वाटते, पण लिहिते, कारण तुमच्यापाशी झाकून काय ठेवायचं. मी म्हणाले, "मामा, तुम्ही स्वतःच्या हाताने दावा बुडवलात. दोन वर्षं मी मर मर मरतेय आणि तुम्हाला दोन मिनिटं तोंड बंद ठेवता येत नाही?"

"मंग खोटं बोलू व्हय?"

"खोटं नका बोलू, गप्प बसा म्हणाले होते!"

"उस्तादाचं नाव गिळून कागुद मिळाला, तर त्यो काय चाटायचा?" तुमचा आवाजही चढला होता. तुम्ही टोपी घातलीत आणि जिना उतरून गेलात. खालून चहावाला दोन कप घेऊन वर आला. मी एक प्यायले आणि एक तसाच ठेवला, तुम्ही परत याल म्हणून.

तिसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. तुम्ही भांडणाचं काही काढलं नाहीत. राहूच्या यंत्राला भाजणी संपली आहे, आईचं बोट थंडीत दुखतं का, असलं काहीबाही. मी हं, हं करत राहिले. मला माफी मागायला येत नाही, तुम्हाला ते ठाऊक होतं, म्हणून तुम्हीच पहिलं पाऊल टाकलं होतंत. आणि मी काय म्हणाले? "बरं मामा, काम आहे, ठेवते." तुमच्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते. सहाव्या दिवशी दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात आणि मामी चहाला उठवायला गेली तर उठला नाहीत.

ज्या बाईची जीभ दिवसभर चालते तिच्याकडे नेमका एक शब्द नसावा, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. चुकलं माझं, मामा. हे तेव्हा म्हणायला हवं होतं.

तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला मी दौंडला आले तेव्हा पंधरातले सहा दिवस उरले होते आणि माझ्याजवळ लिहायला काही नव्हतं. लिहावंसंही वाटत नव्हतं. बायका आत होत्या. मी ओट्यावर येऊन बसले. तिथे तुमचे शेडमधले जोडीदार किसनआप्पा एकटेच बसले होते, काठी दोन्ही हातांत धरून. त्यांना मी माझं नाव सांगितलं, तर म्हणाले, "ती भांडकुदळ भाची तूच व्हय?" तुम्ही माझी कीर्ती कुठवर नेली होतीत.

बोलता बोलता मी त्यांना सुनावणीचं सांगितलं, मनातली जळजळ कमी व्हावी म्हणून. तुम्ही कान धरून दोन्ही उस्तादांची नावं घेतलीत, ते ऐकून आप्पा मान हलवत राहिले.

"नाव घेतलं त्ये बरं केलं," ते म्हणाले. "पर त्या दोघांचं कवा पटलं न्हाई बग. उस्ताद म्हणायचा, लोखंडाला मेण लावाल तर धूळ चिकटून जाम हुईल. आन् नाना म्हणायचा, ह्ये काळं गाडीतल्या माज्या खिडक्यांच्या शटराला लागलं तर बायाबापड्यांची लुगडी खराब हुत्याल. येकमेकाचा डबा टेबलावर ठिवू देत नव्हते. हुसेननं एकदा नानाचा डबा चुकून उस्तादाच्या टेबलावर ठिवला, तर उस्तादानं त्यो रुळावर भिरकावला. हुसेन दिसभर मेण खरवडीत बसला व्हता."

"मग आप्पा, इतकी वर्षं दोन्ही डबे शेजारी होते, तर कुणालाच नाही वाटलं एकत्र करून बघावं?"

"कशापायी वाटंल? लोखंडाचं येगळं आन् लाकडाचं येगळं, ह्ये पयल्या दिवशी शिकिवलेलं. शेडात तीस-चाळीस मान्सं व्हती, येकापेक्षा येक कारागीर." मग ते जरा तापलेच. "तुज्या त्या मॅडमला सोपं वाटतंय व्हय? मंग आमी सगळी काय खुळी व्हतो?"

मामा, मी ओट्यावरून उठूनच उभी राहिले. आप्पा दचकले. पावसाळाभर मी ज्या जाणकार माणसाला कायद्याच्या पुस्तकांत शोधत होते, तो दौंडच्या रेल्वे कॉलनीत काठी धरून बसला होता, आणि त्याला विचारायचं मला सुचलं नव्हतं. त्याला दोन्ही डबे माहीत होते. त्याचा हात तयार होता. दोन्ही डबे त्याच्या हाताच्या अंतरावर बावीस वर्षं होते. आणि त्याने ते एकत्र केले नाहीत, कारण शेडातल्या दोन्ही उस्तादांनी ते करू नका म्हणून सांगितलं होतं. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. तुम्ही ते सुनावणीत उभं राहून देऊनही टाकलं होतंत: दोघांची टेबलं शेजारी-शेजारी होती. मी फक्त "दोन डबं एक केलं" एवढंच ऐकलं आणि तुमच्यावर ओरडले. मॅडमनी पेन उचललं होतं ते कदाचित नेमक्या त्याच वाक्याला.

मी ठरवलं होतं की लेखी म्हणण्यात तुमचं ते बोलणं जमेल तितकं झाकायचं, मोघम करायचं. आता ते मी पहिल्याच पानावर घेतलं, तुमच्याच शब्दांत. आप्पांचं प्रतिज्ञापत्र केलं. नोटरीपुढे त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं आणि विचारलं, "ह्यात लाझरस उस्तादाचं वाईट तर न्हाई ना लिवलं? मानूस देवमानूस व्हता, फकस्त तापट." मी म्हटलं, तापट असल्याचं लिहिलंय. "त्ये ऱ्हाऊ दे, त्ये खरं हाय," म्हणाले आणि एकेक अक्षर लावून सही केली. शेवटच्या दिवशी मी ते पाठवलं.

लिहिताना मला एक गोष्ट उमगली, ती तुम्हाला सांगायची आहे. त्या शेडमध्ये दोन डब्यांच्या मधोमध उभे राहून दोघांचंही शिकलेले तुम्ही एकटेच होतात. लोखंडवाले लाकडाकडे बघत नव्हते आणि लाकूडवाले लोखंडाकडे. तुम्ही दोघांपुढेही कान धरलात. दोन उस्तादांच्या हाताखाली शिकूनही तुम्ही कुणा एकाचे झाला नाहीत, आणि रिटायर होऊन कितीतरी वर्षांनी, एका बहिणीच्या बोटापायी, तुम्हाला ते दोघे एकदम आठवले. हे सहज सुचणारं नव्हतं, मामा. सोपं होतं, हे मी आता कबूल करते. पण सोपं आणि सहज यांत फरक असतो, आणि तो तुम्हाला समजावून सांगायचा माझा दिवस हुकला.

निकाल गेल्या आठवड्यात आला. शिरूरचा बाजार होता, जिन्यात पॅनकार्डवाला उभा होता, मी त्याला हाताने थांबवलं आणि वाचायला लागले. दावा मान्य झालाय. प्रमाणांना थोडी मर्यादा घातलीय, ती चालेल. आणि मामा, निकालाच्या मधल्या परिच्छेदात, सरकारी कागदावर, इंग्रजीत, लाझरस मिस्त्री आणि गणपत सुतार यांची नावं आहेत. दोन कारागीर, शेजारी-शेजारी, एकमेकांच्या पद्धतीला विरोध करणारे, आणि त्यांच्याकडे शिकलेला एक तिसरा. मी सांगितल्याप्रमाणे तुम्ही गप्प बसला असतात तर हा परिच्छेद नसता. कदाचित निकालही असा नसता. मी खुर्चीत बसून मोठ्याने रडायला लागले तेव्हा पॅनकार्डवाला बिचारा म्हणाला, "मॅडम, माझं उद्या झालं तरी चालंल."

दुसऱ्याच दिवशी दौंड गाठलं. मामी इद्दतीत आहे, नवरा गेल्यावरचे ते चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही, पण घर तिने लख्ख ठेवलंय. मधल्या काळात तिने आणि तुमच्या सुनेने भाजणीचे सहा डबे केले, राहूची मागणी होती म्हणून. भाजताना वास कधी बदलतो ते तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतंत, पण मामी म्हणाली, "इतकी वरसं माज्याच चुलीवर भाजलं, मला कळंना व्हय?" मी निकाल वाचून दाखवला. शोधकाचं नाव दोनदा वाचलं. ती पदराने डोळे टिपत राहिली आणि मग तिने अगदी व्यवहारी प्रश्न विचारला, "आता ह्या कागदाचं फुडं काय हुतं?"

मी सांगितलं की वीस वर्षांची मुदत असते, त्यानंतर कुणीही भाजणी करू शकतं. आणि कागद मात्र कायम राहतो. जगात कुठेही, कुणीही असं नवं काही शोधून काढलं की तपासणारे अधिकारी आधीचे शोध धुंडाळतात. त्या जुन्या शोधांत आता मामांचा कागद असेल. तो काढून ते त्या माणसासमोर ठेवतील आणि विचारतील, तुझ्यात आणि ह्यांच्यात फरक काय ते सांग.

आतून सुनेने हाक मारली तरी मामी उठली नाही.

"म्हंजी लोकास्नी आता ह्यांचं बी नाव घ्यावं लागंल," ती म्हणाली.

"घ्यावंच लागेल, मामी. घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही."

परतीच्या गाडीत मी हाच विचार करत होते. येईल कुणीतरी. केंदूरचीच एखादी मुलगी असेल, नाहीतर कुठल्या लांबच्या देशातला कुणी. तुमच्या भाजणीत तो तिसरंच काहीतरी घालील, आणि अधिकारी म्हणतील, हुसेनमियाँनी हे आधीच केलंय, यात नवं ते काय? त्या वेळी तो माझा जिना चढून वर आला, तर मी त्याची केस घेईन, मामा. तुमच्या कागदातलं अक्षर न् अक्षर मला पाठ आहे. तुमच्याविरुद्ध मी जीव तोडून लढेन.